कासवाला नमस्कार

आमच्या गावाचं नाव समुद्रपूर. गावात कापूस आहे, तूर आहे, एसटीचा स्टँड आहे आणि मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी आहे. समुद्र आहे तो फक्त नावात. माझ्या आईला तेवढाही नको होता, कारण माझ्या पत्रिकेत पाण्याचा घात होता.

पत्रिका मांडणाऱ्या गुरुजींनी सांगितलं होतं, मुलीला पाण्यापासून भय आहे. कधी, कुठे ते दिसत नाही. पण घात एकदा येऊन गेला की गेला, मग पोरगी शंभरी गाठेल. तोवर जपा. एवढं बोलून ते चहा पिऊन उठले आणि ते वाक्य मात्र आमच्या घरात कायमचं मुक्कामाला राहिलं.

आईनं दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मला पाण्यापासून दूर ठेवलं. अंघोळीची बादली अर्धीच भरायची, रांजणात मी वाकून बघायचं नाही, पावसाळ्यात नाल्याच्या बाजूनं शाळेत जायचं नाही. तसंही आमच्या गल्लीतल्या मुलींना विहिरीत पोहायला कोण सोडत होतं? पण त्यांना नुसती घरच्यांची मनाई होती, मला ग्रहांची होती. शाळेची सहल पवनारला गेली तेव्हा आईनं बाईंना आदल्या दिवशी गाठून सगळं समजावलं. आख्खा वर्ग धाम नदीच्या खडकांवर पाय बुडवून बसला आणि मी वर पायऱ्यांवर सगळ्यांच्या चपला राखत बसले. बाईंनी मला दोन लाडू जास्तीचे दिले. मी ते खाल्ले, पण माझा राग काही गेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आईनं संत्रं सोडलं. महादेवासमोर उभी राहून म्हणाली, पोरीचा घात येऊन जाईस्तोवर संत्र्याची फोड तोंडात घालणार नाही. आमच्याकडे नवसाला आवडीचीच वस्तू सोडावी लागते. माझ्या एका काकूनं काकांच्या बदलीसाठी दोडके सोडले होते. ती बदली अजून झालेली नाही आणि काकूचं हसं मात्र दर लग्नात होतं. आईनं असली लबाडी केली नाही. तिला संत्र्यांचं वेड होतं. लग्नाआधी ती म्हणे जेवणाऐवजी संत्री खायची.

बाबांचे एक मित्र कारंज्याकडचे, त्यांची बाग होती. वर्षातून दोनदा, आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांना, त्यांच्याकडून पोतं यायचं. आख्खं घर संत्र्यांनी घमघमायचं. आई अंगणात सूप घेऊन बसायची, एकेक संत्रं सोलायची, फोडींवरचे पांढरे दोरे काढायची आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर ठेवत राहायची. शेवटी सालीसुद्धा वाळत घालायची, चेहऱ्याला लावायला. स्वतः मात्र बोटंही चाटायची नाही, पदराला पुसायची. मला ते बघवायचं नाही. लहानपणी वाईट वाटायचं आणि मोठी झाल्यावर संताप यायचा. मी न मागितलेलं कर्ज कुणीतरी माझ्या नावावर काढून ठेवावं, तसं ते होतं. एकदा मी तिला म्हटलं, तो घात आलाच नाही तर? ती म्हणाली, मग तर बरंच आहे.

शिकले, पुण्यात नोकरीला लागले. पुण्यातही मी कुणाच्या वाढदिवसाला पोहण्याच्या तलावावर गेले नाही. मुळात मी हे सगळं मानत नव्हते, पण न मानणं सोपं आणि तलावाच्या काठावर उभं राहणं अवघड असतं.

दोन हजार तीन साल असावं. माझी खोलीवरची मैत्रीण पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्यांतली. तिनं थायलंडचा बेत काढला आणि मला ओढलं. घरी मी फोनवर सांगितलं की बुद्धाची देवळं बघायला चालले आहे. ते खोटं नव्हतं, पहिले चार दिवस आम्ही देवळंच बघितली. आई म्हणाली, "पाणी कसं हाये वं तिकडे?" मी म्हटलं, बाटलीतलंच पिणार. तिचं समाधान झालं.

मग मैत्रिणीनं मला एका बेटावर नेलं.

बोटीतले दोन तास मी मधल्या खांबाला धरून बसले होते. बेटावर उतरल्यावर पहिला शोध लागला तो असा, की जगभरची माणसं एवढा पैसा आणि एवढा प्रवास करून तिथं येतात ती समुद्रपूरची मे महिन्यातली दुपार जगायला. दुकानाचं शटर अर्धं खाली. मालक आत पंख्याखाली आडवा. गिऱ्हाईक आलं तर तो डोळे न उघडता हवं ते घ्यायला सांगणार. कुत्री सावलीत, माणसं सावलीत, आणि चार वाजेपर्यंत कुणालाही कशाचीच घाई नाही. फरक एवढाच, की आमच्याकडे याला आळस म्हणतात आणि तिथं फलकावर छापतात. दोन झाडांना बांधलेल्या झोळीत एक जर्मन माणूस तीन दिवस पडून होता. त्यानं मला सांगितलं की काहीच न करणं शिकायला त्याला बरीच वर्षं लागली. मी म्हटलं, आमच्या बाबांकडे आला असता तर आठवड्यात शिकला असता.

खाण्याचे हाल होते. प्रत्येक पदार्थात माशाचा रस. मी भात, केळी आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी यांवर दिवस काढत होते. मैत्रीण सगळं खायची आणि वर मलाच चटणी मागायची.

ती रोज सकाळी पाण्याखाली जायची. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल डुबकी मारायची, तास-दीड तासानं परत यायची आणि मग दिवसभर माशांबद्दल बोलायची. मी किनाऱ्यावर तिची पिशवी आणि तिच्या चपला सांभाळत बसायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की अठ्ठावीस वर्षांची घोडी झाले तरी मी चपलाच राखते आहे.

त्याच दुपारी एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत हिरव्या सालीची छोटी संत्री होती. मी एक घेतलं, सोललं आणि न कळत एकेका फोडीवरचे दोरे काढायला लागले. मैत्रीण म्हणाली, अगं खा ना, काय पूजा मांडलीस? मला रडूच आलं. कारंज्याच्या बागेतली संत्री घरात असून जी बाई माझ्यापायी बोटं पदराला पुसते, तिच्या वाट्याचं मी इथं बसून खात होते. आणि त्या घाताची तर आम्ही येणाऱ्या पाहुण्यासारखी वाट बघत बसलो होतो. मला वाटलं, यायचाच असेल तर त्यानं त्याच्या सोयीनं येण्यापेक्षा माझ्या सोयीनं यावं. दिवसा, स्वच्छ पाण्यात, शेजारी जाणकार माणूस असताना. एकदाचा येऊन जाऊ दे म्हणजे आई संत्रं खायला मोकळी.

हे तर्कशास्त्र कुणाला पटो न पटो, दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाव नोंदवलं.

शिकवणारी बाई डेन्मार्कची होती. समुद्रपूरच्या आमच्या दुकानाच्या दारातून वाकून यावं लागलं असतं इतकी उंच. तिनं आधी तो रबरी पोशाख दिला. त्यात शिरायला मला अर्धा तास लागला आणि दोन बायका लागल्या. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकलं गेलं. निदान कपड्यांवरून आईला बोलायला जागा उरली नव्हती. मग टाकी आली. आमचं दुकान शेतीच्या सामानाचं, दोर, ताडपत्री आणि कापसावर फवारायचे पाठीवरचे पंप. पट्टे कसे आवळायचे, ओझं खांद्यावरून कमरेवर कसं घ्यायचं, हे मी शाळेत असल्यापासून गिऱ्हाइकांना दाखवत आले. मी टाकी चढवली, पट्टे ओढले आणि उभी राहिले. डेन्मार्कच्या बाईनं चकित होऊन विचारलं, आधी कधी डुबकी मारली आहेस? मी म्हटलं, नाही, आमच्याकडे कापूस असतो.

नियम तिनं थोडेच सांगितले. श्वास कधी रोखायचा नाही. खाली कशालाही हात लावायचा नाही. चष्म्यात पाणी शिरलं तर घाबरायचं नाही, तोंडानं श्वास घेत राहायचं. आणि तिचा दंड सोडायचा नाही. त्या चष्म्यात नाकही बंद होतं, त्यामुळे नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण मला त्या दिवशी अक्षरशः लागू पडली. आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव झाला. माझे पाय वाळूवर होते, तरी मी तिचा दंड असा धरला होता की तिच्या गोऱ्या कातडीवर माझी पाच बोटं उमटली.

मग बोटीनं आत गेलो आणि एका दोराला धरून खाली उतरायला लागलो. पहिल्या दोन हातांवर मी मारुतीचं नाव घेतलं, पुढे कान दुखायला लागले म्हणून तेही राहिलं. तिनं खुणेनं नाक चिमटीत धरून फुंकायला सांगितलं. कानात टुक झालं आणि दुखणं थांबलं. मी खाली बघितलं.

खरं सांगते, एवढा आनंद मला ना पहिल्या पगाराला झाला, ना पहिल्या विमानाला. निळ्या उजेडात पिवळ्या माशांचा एक मोठा घोळका चालला होता आणि त्यांतल्या एकालाही माझ्या पत्रिकेशी देणंघेणं नव्हतं. फक्त माझ्या श्वासाचा घरघर आवाज. जिची मला आयुष्यभर भीती घातली, ती जागा इतकी शांत आणि इतकी सुंदर होती की मला आधी हसू आलं आणि मग माझ्यापासून हे सगळं कुणी लपवून ठेवलं म्हणून राग आला. मला रागावायला पाण्याखालीही फार वेळ लागत नाही.

फोटो काढणारा एक माणूस सोबत उतरला होता. त्यानं आमच्या मागे बोट दाखवलं. मी वळले.

कासव होतं. परातीपेक्षा मोठं. खडकाआडून निघालं आणि सावकाश आमच्याच दिशेनं यायला लागलं.

आमच्याकडे महादेवाच्या देवळात गाभाऱ्याच्या पुढ्यात दगडी कासव असतं. आधी त्याला नमस्कार करायचा, मग आत जायचं. चालायला यायच्या आधीपासून आईनं मला कडेवरून वाकवून ते करायला लावलेलं आहे. हात जोडायचे, डोळे मिटायचे, डोकं टेकवायचं. त्यात विचार नसतो. मी आजवर कुठल्याही कासवाला नमस्कार केल्याशिवाय पुढे गेलेले नाही.

म्हणून मी त्या बाईचा दंड सोडला, हात जोडले, डोळे मिटले आणि डोकं खाली वाकवलं.

पाठीवर टाकी आणि कमरेला शिशाची वजनं बांधून पाण्याखाली वाकू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगायची गरजच पडली नसणार. मी वाकले ती वाकतच गेले. डोकं खाली, पाय वर, चष्मा खडकाला घासला आणि त्यात खारट पाणी भरलं. नाकात झणका गेला. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. त्या एका क्षणी गुरुजींचं वाक्य मला त्यांच्या आवाजात ऐकू आलं आणि मी खरोखर भ्याले. मग आठवलं, श्वास रोखायचा नाही. तोंडानं घेतला. हवा आली. परत घेतला. तेवढ्यात मागून कुणीतरी टाकी धरून मला सुलटं केलं, बघते तर डेन्मार्कची बाई, तिचे डोळे चष्म्याएवढे झालेले. ती मला दोराजवळ घेऊन गेली आणि सावकाश वर आणलं. कासवानं यातलं काहीही मनावर घेतलं नाही. ते खडकावरचं शेवाळ खात बसलं होतं.

बोटीवर तिनं विचारलं, काय झालं? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे देवाआधी कासव असतं. ती म्हणाली, कासवाला हात लावायला जाणारे तिनं खूप बघितले होते, वाकून नमस्कार करणारी मी पहिलीच. दुसऱ्या दिवशी मी परत उतरले. यावेळी तिनं माझा एक हात स्वतःच्या हातात गच्च धरून ठेवला, दोन्ही हात जोडताच येऊ नयेत म्हणून.

फेब्रुवारी संपता संपता मी समुद्रपूरला गेले. मृगबहाराची संत्री नुकतीच आली होती, पोतं पडवीत उघडं होतं. चहा होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण मला धीर निघत नाही. दारातच सांगून टाकलं की मी समुद्राच्या तळाशी जाऊन आले.

आईनं अबोला धरला. रडली नाही, ओरडली नाही, फक्त मला सोडून बाबांशी बोलायला लागली. मी समोर बसलेली असताना म्हणायची, तिले विचारा, पोळी घेते का. बाबा मला विचारायचे, मी बाबांना सांगायचे, बाबा तिला सांगायचे. बाबांना यात फार मजा वाटत होती. दुकानात जायला त्यांनी त्या दिवशी उशीर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, राग उतरला. तिला बरं वाटावं म्हणून मी घाईघाईनं सांगायला लागले, अगं, काहीच धोका नसतो. शिकवणारी बाई पूर्ण वेळ धरून असते. आपल्या एसटीपेक्षा सुरक्षित.

"मंग काईच झालं नाई तुले?"

"काहीच नाही."

तिचा चेहरा पडला. मी तिला आजवर अनेकदा निराश केलं आहे, पण सुखरूप परत येऊन पहिल्यांदाच केलं.

"मंग घात गेला कसा?" ती म्हणाली. "थो तं तसाच राह्यला ना."

समुद्राच्या तळाशी जाऊन आले आणि माझ्याच तोंडानं सगळं पाण्यात घातलं. मग मी उलट दिशेनं वल्हवायला लागले. नाही, तसं काहीच नाही असं नाही, मी उलटी-पालटी झाले, नाकात पाणी गेलं, मेलेच होते. ती ऐकून घेत होती, पण तिच्या नजरेत ते दिसत होतं, जे दुकानात उधारी मागणाऱ्याकडे बघताना बाबांच्या नजरेत असतं. आता हिचा विश्वास कसा बसावा? लहानपणी शाळा बुडवायला मी महिन्यातून दोनदा मरणाच्या दारात असायचे.

बाबा माझ्या मदतीला आले. "डोकं खाली अन् पाय वर झाले म्हनते पोरीचे. आनखी काय पाह्यजे तुले?"

तेव्हा मला फोटो आठवले. त्या माणसानं काढलेले तीन फोटो पुण्यात छापून आणले होते, पण दाखवायची हिंमत झाली नव्हती. मी ते आणून तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं चष्मा चढवला.

पहिल्या फोटोत मी दोराजवळ होते. तिनं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "हे तू कायची? हे तं बेडूक दिसून राह्यलं." बाबाही वाकून बघून म्हणाले की यात तिचं चुकत नाही. काळा पोशाख, काळा चष्मा, तोंडात नळी. ती डेन्मार्कची बाई की मी की तो जर्मन, सांगता येणं कठीणच होतं. माझा एकुलता एक पुरावा आणि त्यात मीच नव्हते.

तिनं दुसरा फोटो उचलला.

फोटोत एक मोठं कासव होतं. त्याच्यासमोर एक काळा प्राणी दोन्ही हात जोडून, मान वाकवून उभा होता. चष्म्याच्या काचेआड डोळे मिटलेले होते. आई फोटो डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, परत जवळ नेऊन बघत राहिली.

"हे तूच हायेस," ती म्हणाली.

मग तिनं तिसरा बघितला. त्यात फक्त दोन रबरी पावलं वर आणि बाकी सगळा बुडबुड्यांचा ढीग होता. तिनं त्या बुडबुड्यांवरून बोट फिरवलं, जसं मला ताप आला की कपाळावरून फिरवायची.

"हाच थो," ती म्हणाली. "आला अन् गेला."

मला वाचवणाऱ्या बाईबद्दल मी तिला दोनदा सांगितलं, पण आईच्या हिशेबी वाचवलं ते कासवानं. तिनं उठून ते दोन्ही फोटो देवघरात महादेवाच्या शेजारी उभे केले. माझी उलटी पावलं पुढे कित्येक वर्षं तिथं होती आणि येणारे पाहुणे त्यांनाही हळद-कुंकू वाहून जायचे.

मग ती पडवीत गेली. पोत्यात हात घालून एक संत्रं काढलं, दाबून बघितलं, ठेवून दिलं, दुसरं काढलं. खाली बसून सोललं. मी आणि बाबा दारात उभे होतो. बाबांनी सवयीनं हात पुढे केला आणि मग त्यांचं त्यांनाच कळून मागे घेतला. आईनं फोडी मोकळ्या केल्या. आम्हाला द्यायच्या फोडींचे ती दोरे काढायची, पण ही पहिली फोड तिनं दोऱ्यांसकट तोंडात घातली आणि डोळे मिटले. किती वेळ ती नुसती चघळत होती. मला वाटलं, रडेल. मीच रडत होते.

"आंबट हाये," ती म्हणाली.

आणि ते संपवून, आम्हाला एक फोडही न विचारता, तिनं पोत्यातून दुसरं उचललं.